रोरीज स्टोरी क्यूब्ज: मोठ्यांनी मुलांसोबत बसून खेळावा असा खेळ

या खेळात नऊ फासे असतात आणि त्यांच्या प्रत्येक बाजूवर ठिपक्यांऐवजी एकेक चित्र असते. अशी एकूण ५४ चित्रे होतात. फासे टाकायचे आणि वर आलेली नऊही चित्रे गुंफून एक गोष्ट सांगायची, एवढाच नियम. चित्रांच्या जुळण्या एक कोटीहून अधिक होतात, त्यामुळे तीच मांडणी पुन्हा समोर येणे जवळजवळ अशक्यच.

सर्जनशीलतेचे प्रशिक्षण देणारे रोरी ओ'कॉनर यांनी हे साधन मुळात मोठ्या माणसांसाठी, अडचणींकडे वेगळ्या नजरेने पाहता यावे म्हणून तयार केले होते. पुढे ते मुलांचा खेळ म्हणून जगभर पोहोचले, यात मला नवल वाटत नाही, कारण ज्यासाठी मोठ्यांना प्रशिक्षण लागते ते मुले फासे हाती येताच करू लागतात.

समजा चावी, मेंढी आणि पूल अशी चित्रे आली. मोठा माणूस बहुधा शेवट आधी ठरवतो, चित्रे त्यात बसवत जातो आणि मेंढी बसत नाही असे दिसले की ती वाटेत दिसली असे सांगून पुढे सरकतो. मूल मात्र मेंढीपाशीच थांबते. चावी मेंढीने गिळली आहे, म्हणून पुलाचे दार उघडत नाही, आणि मेंढीला दुखवायचे तर नाही. मग आता काय करायचे? जे जुळत नव्हते त्यातूनच गोष्ट उभी राहते. कल्पनाशक्ती म्हणजे मनाला येईल ते बोलणे, हा समजही इथे टिकत नाही, कारण पुलाला दार आहे असे एकदा ठरले की ते विसरणाऱ्या मोठ्याला मूल लगेच अडवते. स्वतः घातलेली अट इतक्या निष्ठेने पाळणे आपल्याला क्वचितच जमते.

फाशांवर अक्षरे नाहीत, त्यामुळे वाचता न येणारे मूलही बरोबरीने खेळते आणि गोष्ट कोणत्याही भाषेत सांगता येते. नऊ चित्रे मात्र लहानग्यांना जड जातात. सुरुवात तिनांपासून करावी. गुण नाहीत, विजेताही नाही, त्यामुळे चुरशीची आवड असणाऱ्यांना हा खेळ लवकर कंटाळवाणा वाटेल.

तरीही हा संच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. खेळताना पहिली गोष्ट मुलाला सांगू द्यावी आणि चित्राचा 'खरा' अर्थ त्याला समजावण्याचा मोह टाळावा.