अण्णांचे गुडघे आणि सीएनजी वॅगनआर: १९ महिने, २४,६०० किलोमीटर

२०२४ च्या गुढीपाडव्याला आम्ही मारुतीची वॅगनआर घेतली. व्हीएक्सआय मॉडेल, १ लिटर इंजिन, कंपनी फिटेड सीएनजी. राहतो साताऱ्यात, गाव कोरेगाव तालुक्यात, बहीण पुण्यात धायरीला. त्यामुळे गाडी शहरात, गावच्या रस्त्यावर आणि हायवेला साधारण सारखीच पळाली आहे.

घ्यायचं कारण एकच, अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे. जुन्या बुटक्या गाडीत बसताना ते आधी सीटवर अंग टाकायचे आणि मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचे. उतरताना कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता यायचं नाही, आणि हात मागणं त्यांच्या स्वभावात नाही. हळूहळू त्यांनी लग्नकार्याला येणंच सोडलं. म्हणून गाडी बघायला जाताना मी आईअण्णांना बरोबर नेलं आणि प्रत्येक गाडीत दोघांना तीन-तीन वेळा बसायला आणि उतरायला लावलं. वॅगनआरची सीट खुर्चीच्या उंचीला येते, दार मोठं उघडतं, डोकं वाकवावं लागत नाही. अण्णा काठी टेकून मागे सरकले आणि बसले. आईलाही साडी सावरत चढावं लागलं नाही. टचस्क्रीन, रंग, चाकं यांची चर्चा त्यानंतर आम्ही केलीच नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर टेस्ट ड्राइव्ह त्यांची घ्या.

आता सीएनजीबद्दल, कारण इथे माझा अंदाज चुकला होता. गॅस भरताना पंपावर सगळ्यांना खाली उतरावं लागतं. नियम बरोबरच आहे, टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो. पण ज्या माणसाला चढ-उतार नको म्हणून ही गाडी घेतली, त्यालाच हायवेच्या पंपावर उन्हात पंधरा मिनिटं उभं केलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून अण्णा बरोबर असले की आदल्या रात्री किंवा पहाटे एकटा जाऊन टाकी भरून आणतो. थंड वेळेला गॅसही जास्त बसतो. पहाटे मला साडेआठ किलोपर्यंत मिळाला आहे, मे महिन्यातल्या दुपारी सात-साडेसातवर नोझल थांबलं आहे. टाकी ६० लिटरची म्हणून लोक फसतात. ते माप टाकीत किती पाणी मावेल याचं आहे, गॅसचं नाही.

ॲव्हरेज कागदावर किलोला ३४ किलोमीटर आहे. मला हायवेला ८० च्या वेगाने ३० ते ३१ मिळतं, साताऱ्यात एसी लावून २४-२५. म्हणजे एका टाकीत सव्वादोनशे किलोमीटर धरावेत. सातारा-पुणे एकेरी ११० च्या आसपास आहे, तेव्हा जाऊन-येऊन जेमतेम होतं. पेट्रोलची टाकी मी अर्ध्याखाली जाऊ देत नाही.

पैशांचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. सीएनजीवर किलोमीटरला तीन-सव्वातीन रुपये पडतात, पेट्रोलवर पाच-सव्वापाच. फरक दोन रुपयांचा धरला आणि सीएनजी मॉडेलचे जादा ९०-९५ हजार काढले, तर ते वसूल व्हायला ४५ हजार किलोमीटर लागतात. माझं महिन्याला तेराशेच्या आसपास होतं, म्हणजे तीन वर्षं. ज्याचं महिन्याला पाचशे आहे त्याने सरळ पेट्रोल घ्यावी, डिकी तरी हाती राहील.

डिकी खरोखर राहत नाही. पेट्रोल मॉडेलला ३४१ लिटरची आहे, सीएनजीत टाकी बसल्यावर दोन मऊ पिशव्या आणि चपला. अण्णांचा वॉकर दुमडूनही बसला नाही. मागची सीट ६०:४० वाकते, त्या छोट्या भागावर तो आडवा ठेवतो. गावाकडून शेंगांचं पोतं आणायचं असेल तर मागे एकच माणूस बसू शकतो.

घाटाचं मात्र नीट समजून घ्या. आमच्या बाजूने पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, येताना आम्ही आजवर घाट चढत आलो आहोत. पेट्रोलवर इंजिन ६७ पीएसच्या जवळ ताकद देतं, सीएनजीवर ५७ च्या. एकटा असताना हा फरक जाणवत नाही. चार माणसं, सामान आणि एसी असला की तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम जातो आणि मागून ट्रक हॉर्न देऊ लागतात. मी पारगाव-खंडाळा ओलांडलं की बटण पेट्रोलवर करतो, वळणाच्या आधीच दुसरा टाकतो आणि एका लयीत चढतो. यवतेश्वरावरून कासला जातानाही तसंच. उतारावर मात्र गिअर सोडू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झालेत ते आपण सगळे बघतो. तिथे मी तिसऱ्या-चौथ्यातच उतरतो.

उंच आणि हलकी गाडी असल्याने वळणावर ती झुकते, आणि ९० च्या पुढे शेजारून एसटी गेली की स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. अण्णांना झुकणं आवडत नाही, म्हणून मी आता वळणं हळूच घेतो.

गेल्या पावसाळ्यात गाडी आठवडाभर चिंचेखाली उभी राहिली आणि उंदरांनी बॉनेटखालची वायर कुरतडली. हल्ली रोज पाच मिनिटं का होईना गाडी हलवतो, रात्री बॉनेट उघडं ठेवतो. एवढं सोडलं तर एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. आणि सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. जुनी घेत असाल तर टाकीच्या पट्टीवरची तारीख आधी वाचा.

सुरक्षिततेवर मी गप्प बसणार नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून तपासते; तिच्या २०२३ च्या चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी एक तारा मिळाला आणि मुलांसाठी शून्य. माझ्या गाडीत एअरबॅगही दोनच आहेत. वॅगनआरच्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग २०२५ पासून आल्या. हे माहीत असूनही मी ती घेतली, कारण आमचा बहुतेक प्रवास चाळीस-पन्नासच्या वेगाने दवाखाना, बाजार आणि गाव असा असतो. मागे बसलेल्यांनाही पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. पण बहिणीने, जिला दोन वर्षांची मुलगी आहे आणि दर शनिवारी एक्सप्रेसवेने मुंबईला जावं लागतं, हीच घेऊ का असं विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. तिने थोडे पैसे साठवून दुसरी घेतली.

अण्णा मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला आले होते. मी दार उघडायला वळसा घालून गेलो, तोवर ते उतरून मांडवाकडे निघालेही होते.