ऐरोलीची फ्लेमिंगो बोटफेरी: तिकिटाआधी तिथी बघा

ठाणे खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते हे मुंबईत आता बहुतेकांना ठाऊक आहे. सुट्टी रविवारी असते म्हणून तिकीटही रविवारचंच काढलं जातं, आणि उतरताना कितीतरी जण म्हणतात, लांबवर एक गुलाबी रेघ दिसली, बस. यात दोष बोटीचा नसतो आणि पक्ष्यांचाही नसतो, पाण्याची वेळ चुकलेली असते.

रोहित जेवतो चिखलात. ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो तेव्हा हजारो पक्षी त्यावर पसरतात. भरती चढली की गाळ बुडतो आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर किंवा भांडुपकडच्या तळ्यांवर विसावायला जातात. बोटीचं नेमकं उलटं आहे, तिला तळाखाली पाणी लागतं. त्यामुळे पूर्ण ओहोटीला फेरी निघत नाही आणि पूर्ण भरतीला गाळावर पक्षी नसतात. कामाची वेळ मधली: भरती पूर्ण होऊन दोन-अडीच तास उलटल्यावर, किंवा ती पूर्ण व्हायला तेवढाच अवधी असताना. फेरी साधारण तासाभराची असते, तेव्हा तो तास या पट्ट्यात बसायला हवा.

ही वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब अजूनही उत्तम चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून दिवस तिथीवरून ठरवावा आणि नेमकी वेळ अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघावी. ऐरोली खाडीत बरीच आत आहे, पाणी तिथे बंदरापेक्षा उशिरा पोहोचतं, हेही लक्षात ठेवावं. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी मित्राला जमलेली वेळ या शनिवारी म्हणूनच उपयोगाची नसते.

आता उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं आणि मुंबईत पाण्याचा चढउतार साडेतीन मीटरच्या वर जातो. पाणी इतक्या झपाट्याने उतरतं की अर्ध्या तासाच्या उशिराने सगळं चित्र बदलतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग येतो. तेव्हा चढउतार दीड मीटरच्या आसपास राहतो, पाणी सावकाश हलतं आणि चांगली वेळ लांबते. दशमी किंवा एकादशीला भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे दहा-साडेदहाची फेरी नेमकी हवी तिथे बसते. उन्हाचंही गणित इथेच जुळतं. बोट खाडीच्या पूर्व काठावरून निघते आणि अभयारण्याचा गाळ पश्चिमेला, भांडुप-विक्रोळीच्या अंगाला आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं. दुपारी तीननंतर तेच पक्षी काळ्या आकृत्या होऊन दिसतात. एकच सल्ला घ्यायचा तर हा घ्या: जानेवारी ते मार्चमधली दशमी किंवा एकादशी, आणि शक्यतो आठवड्याच्या मधला वार.

पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत थांबतात. त्यांतले पुष्कळ कच्छच्या रणाकडून येतात. भर हंगामात खाडीतली संख्या लाखाच्या वर गेल्याची नोंद आहे. इथे छोटा रोहित जास्त असतो, त्याची चोच गडद लाल, लांबून जवळजवळ काळी वाटणारी. मोठा रोहित उंच आणि पांढुरका असतो, त्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. दोघांचं खाणं वेगळं आहे. छोटा रोहित चोच उलटी धरून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो, मोठा कोळंबीसारखे जीव, किडे, शिंपले शोधतो. थव्यात राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत. गुलाबी रंग खाण्यातून चढतो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. शहराच्या सांडपाण्यावर हे शेवाळ पोसलं जातं असं अभ्यासक मानतात. एवढे पक्षी दिसतात म्हणजे खाडी स्वच्छ आहे, असा अर्थ मात्र लावू नये. रोहितांवरच नजर खिळली तर शेकाट्या, उचाट्या, कुरव आणि डोक्यावरून जाणारी ब्राह्मणी घार निसटतात. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि सोबतची माहिती देणारी व्यक्ती यांना विचारत राहावं, विचारलं की ते भरभरून सांगतात.

दुर्बीण ८×४२ न्यावी. १० पटीची दुर्बीण जमिनीवर छान, पण बोटीच्या हादऱ्यात चित्र स्थिर राहत नाही. फोनवर थवा येतो, पक्षी येत नाही. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिमीची लेन्स, उडत्या पक्ष्यांसाठी शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, आणि ट्रायपॉड घरीच. टोपी, पाणी आणि फिके कपडे हवेतच. बोटीवर स्वच्छतागृह नाही, निघण्याआधी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावरच जाऊन यावं, मुलं बरोबर असतील तर नक्कीच. लाइफ जॅकेट नीट बांधलं आहे ना ते बसतानाच तपासा. पाणी उतरलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू जो वायू तयार करतात त्याचा हा वास आहे, निरोगी कांदळवनातही तो असतोच.

बोटीआधी किंवा नंतर किनारी व सागरी जैवविविधता केंद्रासाठी एक तास ठेवा. २०१७ साली सुरू झालेलं हे केंद्र सोमवारी बंद असतं. दालन मुलांना आवडेल, पण खरी मजा कांदळवनातल्या पायवाटेवर आहे. तिवराचं पान उलटं करून बघा, त्यावर मिठाचे कण दिसतात, झाड नको असलेलं मीठ असं बाहेर टाकतं. खाली पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात ती त्याची श्वसनमुळं. त्यांच्यावर पाय देऊ नका.

येण्याचं म्हणाल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, तिथून रिक्षा. पत्त्यात ‘दिवा’ वाचून मध्य रेल्वेच्या दिवा जंक्शनला उतरू नका, हे दिवा गाव ऐरोलीतलं आहे. मुलुंडहून गाडीने येणाऱ्यांना पूल उतरल्यावर केंद्र जवळच पडतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही. बोट ठरल्या वेळी सुटते, कारण पाणी थांबत नाही. अर्धा तास आधी पोहोचा.

खाडीच्या पश्चिमेकडचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे: ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी पाणी. २०२२ मध्ये भोवतालचा पट्टा धरून ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला. ड्रोन, खाणं टाकणं, आरडाओरडा इथे चालत नाही. बोट आणखी जवळ न्या म्हणून तांडेलाच्या मागे लागणं तर सगळ्यात वाईट. थव्याकडे लक्ष ठेवा. खाली असलेल्या माना एकदम वर आल्या आणि सगळे एकाच दिशेने भराभर चालू लागले, की ते उडायच्या बेतात आहेत. उडालेल्या थव्याचा फोटो सुंदर येतो, पण त्या पक्ष्यांचं खाणं मोडलेलं असतं आणि गाळ पुन्हा बुडायच्या आत त्यांना पोट भरायचं असतं. माना वर आलेल्या दिसल्या की इंजिन बंद करायला सांगा. बोट पाण्याबरोबर हळूहळू वाहू द्या, पाचेक मिनिटांत माना परत खाली जातात, आणि मग चोचींनी पाणी गाळल्याचा आवाज बोटीपर्यंत ऐकू येतो.