रुतलेल्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला टो बेल्ट

मुळशी-मावळच्या भातखाचरांत चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रुतणे नवे नाही. मात्र तो ओढून काढायला अजूनही अनेक जण जुनी वायररोप वापरतात, आणि ती ताणाखाली तुटली तर तिचे टोक इतक्या वेगाने उलटे फिरते की माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच पुण्यात नाना पेठेतील एका दुकानातून घेतलेला पॉलिएस्टरचा रुंद टो बेल्ट मला मोलाचा वाटतो. दोन्ही टोकांच्या फाशांना आतून जाड अस्तर असून शिलाई दाट आहे. दुकानदाराने ट्रॅक्टरचे वजन विचारल्याशिवाय बेल्ट दाखवला नाही, हे विशेष आवडले. सोबतच्या शॅकलवर (बेल्ट अडकवायच्या U आकाराच्या कडीवर) मात्र भारक्षमतेचा शिक्का नाही. शिक्का असलेला शॅकल वेगळा घ्यावा.

पॉलिएस्टर फारसे ताणले जात नाही, त्यामुळे झटका न देता हळूहळू ओढावे, आणि त्याआधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा. बेल्ट ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढण्याच्या दांड्यालाच, अडकवावा. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी बांधल्यास ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो चालकासह मागे उलटू शकतो. काम झाल्यावर बेल्ट धुऊन सावलीत वाळवावा, कारण कडक उन्हाने त्याचे धागे कमजोर होतात.