कारवर सायकल न्यायची तर रॅक कोणता घ्यावा?

रॅक घ्यायला गेलं की बहुतेक जण किंमत विचारतात आणि किती सायकली बसतात ते विचारतात. सायकल धडधाकट पोचवायची असेल तर त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: हा रॅक सायकलीला धरतो कुठे? टायरला, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुफाटी दांड्याला) की फ्रेमच्या नळीला?

कारच्या मागे टो-हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची चौकोनी नळी असेल, तर खरी निवड दोन प्रकारांत आहे. पहिला लटकवायचा रॅक. यात मागे आलेल्या दोन दांड्यांवर सायकलीची वरची नळी टेकवून पट्टा आवळतात. तो हलका असतो, तुलनेने स्वस्त असतो आणि काम झालं की मिटून ठेवता येतो. पण सगळा भार एका नळीवर येतो, आणि प्रत्येक खड्ड्यात सायकल झुलते. शेजारच्या सायकलीचं पेडल मग आपल्या सायकलीच्या स्पोकमध्ये शिरतं किंवा रंग खरवडून काढतं. एकीचं हँडल डावीकडे, दुसरीचं उजवीकडे ठेवायचं, क्रँक (पेडलचा दांडा) आणि पुढचं चाक फ्रेमला पट्ट्याने बांधायचं आणि दोन्ही फ्रेमच्या मध्ये फोमचा तुकडा घालायचा. इतकं केलं तर ॲल्युमिनियम किंवा स्टीलची सायकल नीट जाते. वरची नळी खाली उतरती असेल, तर सीटपोस्ट (सीटखालची नळी) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) यांना जोडणारा जादा दांडा लागतो.

दुसरा प्लॅटफॉर्म रॅक. सायकल दोन्ही चाकांवर ट्रेमध्ये उभी राहते आणि पुढच्या टायरवर एक आकडा घट्ट दाबून बसतो. फ्रेमला काहीच लागत नाही. कार्बन फायबरच्या सायकलीसाठी माझ्या मते मागच्या रॅकमध्ये हाच पर्याय आहे. कार्बनची नळी चालवणाऱ्याचं वजन आणि पेडलचा जोर आरामात पेलते, पण चिमट्यात धरून बाजूने आवळलेलं तिला सोसत नाही. आत पडलेली चीर वरच्या रंगावर दिसेलच असं नाही. आणि नुसत्या ‘प्लॅटफॉर्म’ या नावावर जाऊ नका, कारण काही मॉडेलमध्ये चाकं ट्रेमध्ये असली तरी सायकल शेवटी फ्रेमवरच्या क्लॅम्पनेच धरलेली असते. पुढे मडगार्ड असेल तर टायरवरचा आकडा त्यावर बसतो का, हेही आधी तपासा.

ई-सायकल असेल तर आधी वजनाचा हिशोब करा. एकेक सायकल 25 किलोची धरली तर दोन सायकलींचे 50 होतात, आणि रॅकचं स्वतःचं वजनही हिचच्या मर्यादेतच मोजायचं असतं. बॅटरी काढून कारमध्ये ठेवली की थोडा भार कमी होतो. हिचची नळी सव्वा इंची आहे की 2 इंची, ते रॅक मागवायच्या आधी मोजा. कोणताही मागचा रॅक लावल्यावर सायलेन्सरचं तोंड कुठे येतं ते वाकून बघा. गरम धुराच्या झोतात टायर राहिला तर तो खराब होतो, कार्बनची रिमसुद्धा.

हिच नसेल तर डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक मिळतो. सगळ्यांत स्वस्त, पण सायकलीइतकाच धोका कारच्या रंगालाही. रॅकच्या गादीखाली धुळीचा कण राहिला तरी चरे पडतात. म्हणून तिथला पत्रा आधी धुऊन कोरडा करा, आकडे प्लास्टिकच्या स्पॉयलरला कधीच अडकवू नका आणि निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून पट्टे पुन्हा ओढा, ते सैल पडतातच. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी हलकी सायकल न्यायची असेल तर चालेल, ई-सायकलीसाठी नकोच.

छतावरच्या रॅकमध्ये सायकली एकमेकींना घासत नाहीत आणि डिकीही उघडते. फोर्क धरणाऱ्या रॅकमध्ये पुढचं चाक काढावं लागतं आणि ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मापाचा ॲडॉप्टर लागतो. टायर धरणाऱ्यात ती कटकट नाही. उचलून वर ठेवायला मात्र खांदे हवेत. वाऱ्याचा अडथळा वाढतो, इंधन जास्त लागतं. खरी भीती उंचीची: सायकल वर आहे हे विसरून पार्किंगच्या कमी उंचीच्या दारातून आत शिरलं की सायकल, रॅक आणि छत तिन्हींचं नुकसान एका झटक्यात होतं. एकूण उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा. छताची वजनमर्यादा कारच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीत आडव्या बारचं वजनही धरा.

रॅक मागचा असो वा छतावरचा, बाटल्या, पंप आणि बॅग काढून ठेवा. सायकलीला कव्हर घालून गाडी चालवू नका, वाऱ्याने फडफडून ते रंगच घासतं. मागच्या रॅकने नंबर प्लेट किंवा दिवे झाकले जात असतील तर नंबर प्लेट आणि दिव्यांचा वेगळा बोर्ड लावावा लागतो.

सायकल एकच असेल आणि मागची सीट पाडता येत असेल, तर मी रॅकच्या भानगडीत पडणार नाही. चाकं काढायची आणि चेनची बाजू वर ठेवून सायकल चादरीवर आडवी करायची. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्याबरोबर ब्रेकच्या पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही. पोचल्यावर चाकं बसवून, सायकल उभी करून, ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघायचे. लिव्हर मऊ लागला, तर तो कडक होईपर्यंत सायकलीवर बसू नका.