पुष्कर की मानसरोवर?

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर आमचा हा वाद दर कार्तिकात रंगतो. समोर मासुंदा तलाव, पाठीशी कौपिनेश्वराचं देऊळ, आणि बाबांना जायचंय मानसरोवराला! ब्रह्मदेवाच्या मनातून उपजलेलं हे सरोवर तिबेटात, साडेचार हजार मीटरपेक्षा उंचावर. पाणी गोडं, आणि शेजारचा राक्षसताल मात्र खारट. ही जोडी मलाही भुरळ घालते. पण पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, विरळ हवा... सरकारी यात्रेला सत्तरीपुढच्यांना घेतही नाहीत, बाबा एकाहत्तरचे.

राजस्थानातलं पुष्कर सरोवरही ब्रह्मदेवाचंच, त्याच्या हातून कमळ पडलं तिथलं. अजमेरपर्यंत रेल्वे, पुढे थोडाच रस्ता. बावन्न घाट, कार्तिकी पौर्णिमेचं स्नान. गर्दी मात्र आपल्या ठाणे स्टेशनसारखी. माझं मत पुष्करला. आईचं? तिला मासुंदाच पुरतो.