वर्डप्रेस घ्यावं, ड्रुपल की जुमला?

कोड न लिहिता वेबसाइट उभी करायची आणि तिच्यावर मजकूर टाकायचा, यासाठीचे हे तीन तयार प्रोग्रॅम. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची वेबसाइट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली आणि ड्रुपलवाल्यांनी ती पुढे कित्येक वर्षं मिरवली. डिसेंबर २०१७ मध्ये तीच साइट वर्डप्रेसवर आली. 'वर्डप्रेस म्हणजे ब्लॉगवाल्यांचं खेळणं' हा शेरा तिथेच निकालात निघायला हवा होता, पण तो अजून ऐकू येतो.

आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर आहेत. ड्रुपल आणि जुमला शेकड्यात एक-दोनच्या आसपास. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बी-टू' नावाच्या बंद पडत चाललेल्या प्रोग्रॅमवरून हे सुरू केलं. या पसाऱ्याचा तुम्हाला थेट फायदा असा, की साइट करून देणारा मध्येच गायब झाला तर दुसरा आठवड्याभरात मिळतो. ड्रुपलचं काम येणारा माणूस शोधावा लागतो आणि त्याचे पैसेही जास्त पडतात.

मग वर्डप्रेस असुरक्षित म्हणून बदनाम का? मध्यंतरी एक साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली. ४१ प्लगिन (म्हणजे वरून बसवायचे जोड-प्रोग्रॅम), त्यातले तीन नुसते स्लायडरचे, म्हणजे सरकत्या चित्रांचे, आणि न बसवलेल्या अपडेटचा आकडा २९ वर जाऊन बसलेला. अशा घराला कुलूप कितीही चांगलं लावा. मूळ वर्डप्रेस तसं नेटकं आहे, छोटे सुरक्षा-अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात. भोकं पडतात ती बहुतेक प्लगिनांतून.

ड्रुपलचं नाव याच्या उलट, भक्कम म्हणून. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या गाभ्यातच असं भगदाड सापडलं, की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच धरून चालावं, असं खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा टीमने सांगितलं. सात तासांत तर आपली एक झोप होते.

तरी ड्रुपलची खरी ताकद सुरक्षेत नाहीच, माहितीच्या मांडणीत आहे. समजा शेकडो व्याख्यानं आहेत: वक्ता, विषय, तारीख, सभागृह. ड्रुपलमध्ये प्रत्येकाचं वेगळं फील्ड, म्हणजे रकाना, करा, मग 'व्ह्यूज' या त्याच्या यादी काढायच्या सोयीतून वक्त्यावार, विषयवार, हवी तशी यादी काढा, तीही बाहेरचं काही न बसवता. वर्डप्रेसमध्ये हे जमतं, पण प्लगिन आणि थोडं कोडिंग करून. ड्रुपलवर माझा राग आहे तो आवृत्ती सातवरून आठवर जाण्याचा. त्याला अपग्रेड म्हणायचे, प्रत्यक्षात साइट नव्याने बांधावी लागायची. पुष्कळ जण त्याच वळणावर ड्रुपल सोडून गेले.

जुमला २००५ मध्ये 'मॅम्बो'तून फुटून निघालं. स्वाहिलीत या नावाचा अर्थ 'सगळे मिळून', मराठी कानाला मात्र भलतंच ऐकू येतं. अनेक भाषा आणि कोणाला काय दिसावं याचे बारीक नियम त्यात मुळातच आहेत. चालू साइट असेल तर खुशाल ठेवा, नव्याने मी सुचवणार नाही.

वर्डप्रेसच्या वजनाची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी, म्हणजे साइटींना सर्व्हरवर जागा देणारी, यांचं वाजलं, सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या सर्व्हरची वाट तिला बंद झाली आणि त्या कंपनीच्या ग्राहकांना प्लगिनचे अपडेट मिळेनासे झाले. डिसेंबरमध्ये कोर्टाने वाट मोकळी करायला लावली. कोड सगळ्यांचा, पण अपडेट जिथून येतात त्या सर्व्हरची किल्ली एकाच ठिकाणी, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

एवढं होऊनही, माहितीची पानं, बातम्या, छोटं दुकान यांसाठी मी डोळे झाकून वर्डप्रेस सांगतो, प्लगिन मात्र मोजके. हजारो नोंदी, दहा प्रकारचे संपादक आणि पगारी डेव्हलपर असेल तर ड्रुपल. अजून ठरत नसेल, तर जो माणूस रोज मजकूर टाकणार आहे त्यालाच दोन्हींवर एकेक पान करायला बसवा, आणि तो कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.