दिवाळीची ड्रायफ्रूट पेटी: तयार घ्यावी की सुटा माल आणून घरी भरावी?

बाजार थंड असतो, बोनस उशिरा येतो किंवा कमी येतो, पण दिवाळीला ज्यांच्याकडे जायचं त्या घरांची यादी तेवढीच राहते. मग दुकानदार लहान पेटी पुढे करतो आणि आपण ती घेतो, कारण आकडा परवडतो. फसगत इथेच होते. पेटी लहान झाली की खोका, ट्रे आणि रिबिनीचा खर्च फारसा कमी होत नाही, कमी होतो तो आतला माल. हातात पैसे बेताचे असतील त्या वर्षी तयार ड्रायफ्रूट पेटी ही सगळ्यांत महाग भेट ठरते. दहा-बारा घरांना द्यायचं असेल तर सुटा माल आणून घरी भरणं केव्हाही सरस. तयार पेटी कुठे योग्य ठरते तेही पुढे आहे, पण त्या जागा थोड्या.

आधी हिशेब मांडू. भाव रोज बदलतात, म्हणून इथले आकडे केवळ रीत कळावी यासाठी घेतले आहेत. समजा, 400 ग्रॅमची पेटी 900 रुपयांना आहे आणि तिच्यात काजू, बदाम, बेदाणा व खारा पिस्ता प्रत्येकी 100 ग्रॅम आहे. म्हणजे किलोला 2,250 रुपये पडले. आता समजा, सुट्या बाजारात किलोचा भाव काजू 1,000, बदाम 900, बेदाणा 450 आणि पिस्ता 1,200 आहे. आतला माल झाला 100 अधिक 90 अधिक 45 अधिक 120, म्हणजे 355 रुपयांचा. बाकीचे 545 रुपये खोक्याचे, सजावटीचे आणि नफ्याचे. पुठ्ठ्याचा चांगला डबा आणि पाऊच यांना 60-70 रुपये धरले तरी तीच भेट घरी सव्वाचारशेत तयार होते. आपल्या गावचे त्या दिवसाचे भाव घालून ही बेरीज करून बघा. मिनिटभराचं काम आहे.

तयार पेटी घ्यायचीच असेल तर झाकणावरच्या नक्षीकडे नंतर बघा, आधी पेटी उलटी करा. तळाला निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, पॅक करणाऱ्याचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक असायला हवा. निव्वळ वजनात खोका धरता येत नाही. काही पेट्यांत मखमली कप्प्यांचा तळ इंचभर वर उचललेला असतो, त्यामुळे कप्पा भरलेला दिसतो आणि आत मूठभरच माल असतो. वजन वाचून किलोचा दर काढला की हा प्रकार लगेच उघडा पडतो. पॅकिंगचा महिना खोडलेला असेल किंवा त्यावर दुसरं लेबल चिकटवलेलं असेल तर ती पेटी परत ठेवा. गेल्या वर्षीचा उरलेला माल नव्या वेष्टनात येतो तो असाच. आणि ‘प्रीमियम’, ‘रॉयल’, ‘सिलेक्ट’ हे शब्द म्हणजे प्रत नव्हे. ते कुणीही छापू शकतो.

काजूची प्रत मात्र मोजता येते. डब्ल्यू 180, 210, 240, 320 असे जे नंबर दुकानात ऐकू येतात ते एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे दाणे बसतात ते सांगतात. नंबर जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. दुकानातच 100 ग्रॅम तोलून दाणे मोजले तर डब्ल्यू 320 चे 66 ते 70, डब्ल्यू 240 चे 48 ते 53 आणि डब्ल्यू 180 चे जेमतेम 40 भरतात. 240 च्या भावाने घेतलेल्या पुडीत 65 दाणे निघाले तर पैसे चुकीच्या मालाला गेले. चव नंबरावर ठरत नाही, ताजेपणावर ठरते. म्हणून तंगीच्या वर्षी डब्ल्यू 320 घ्यावा आणि तो ताजा मिळेल याकडे सगळं लक्ष द्यावं. ताजा काजू बोटांत धरून मोडला की खटकन तुटतो. वाकून मग तुटला तर तो दमट झालेला आहे, आणि हवाबंद पाऊचमध्ये गेला की आठवड्यात खवट वास मारेल. पाकळी (दुभंगलेला अर्धा काजू) आणि कणी (तुकडे) स्वस्त मिळतात. घरच्या काजूकतलीला त्या उत्तम, पण पेटीत ठेवल्या तर देणाऱ्याने हात आखडता घेतल्यासारखं दिसतं. कोकणातला सालीसकट भाजलेला काजू ही याहून चांगली वाट आहे: साल वरचा ओलावा थोडा रोखते, चव खमंग लागते आणि देताना ‘वेंगुर्ल्याचा आहे’ असं अभिमानाने सांगता येतं. मात्र तसं सांगायचं तर तो खरोखर तिथल्या कारखान्यातून आलेला असावा, कारण देशात फोडला जाणारा बराचसा कच्चा काजू आफ्रिकेतून येतो.

बदामाचा आकार औंसावर, म्हणजे साधारण 28 ग्रॅमवर, मोजतात. 23/25 म्हणजे एका औंसात 23 ते 25 दाणे, म्हणजेच 100 ग्रॅममध्ये साधारण 81 ते 88. 27/30 चे 95 ते 106 भरतात. आपल्याकडे पेट्यांत जातो तो बहुतेक कॅलिफोर्नियाचा बदाम. तिकडची काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, त्यामुळे दिवाळीला हाती येणारा बदाम बहुधा आदल्या हंगामाचा असतो. शीतगृहात नीट ठेवलेला असेल तर त्यात काही बिघडत नाही. एक दाणा मधोमध कापून बघा: आत पांढरट असावा, पिवळट झाक आणि मध्ये पोकळी असेल तर माल जुना. मामरा बदाम इराण-अफगाणिस्तानातून येतो, कित्येक पट महाग असतो, दिसायला वेडावाकडा आणि तेलाला जास्त. सगळे दाणे एकसारखे, चपटे आणि गुळगुळीत असतील तर पेटीवर काहीही लिहिलेलं असो, तो मामरा नाही. मंदीत मामऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

पेटीत खरा फायदा देतो तो आपला बेदाणा. सांगली-तासगावच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि किलोमागे तो काजू-बदामापेक्षा बराच स्वस्त पडतो. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवतात, तेव्हा हिरवा बेदाणा मिळतो. पिवळ्याला रंगासाठी गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याचा त्रास असलेल्या घरी पिवळा देऊ नये, गंधकाने काहींचा त्रास वाढतो. हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे दिवाळीतला बेदाणा शीतगृहातून आलेला असतो, तो दोष नाही. दोष असा: मूठ दाबून सोडल्यावर दाणे सुटे होत नाहीत, चिकटून गोळा राहतो. म्हणजे ओल जास्त आहे. देठ आणि काड्याही बघा, तोलात त्यांचेही पैसे लागतात.

खाऱ्या पिस्त्यात जवळपास निम्मं वजन टरफलाचं असतं. 100 ग्रॅम पिस्ता म्हणजे खायला 50 ते 55 ग्रॅम, त्यामुळे भाव करताना दुप्पट धरा. तोंड न उघडलेले दाणे मुठीत दोन-चारपेक्षा जास्त नकोत. अक्रोडाचा गर सगळ्यांत आधी खवट होतो, कारण त्यातलं तेल हवेने लवकर बिघडतं. मुंबईच्या दमट हवेत तो पेटीत घालूच नये. द्यायचाच तर कवचासकट कागदी अक्रोड द्या. पेरी-पेरी, चीज, पुदिना लावलेले काजू-बदाम टाळा. मसाल्याखाली शिळा दाणा आणि तुकडा दोन्ही झाकले जातात आणि भाव मात्र चढा लागतो.

खरेदी कुठे करावी? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधली सुक्या मेव्याची दुकानं, मशीद बंदरचा घाऊक बाजार आणि वाशीचं मसाला मार्केट. डबे, पाऊच आणि रिबिनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर. पुण्यात मार्केट यार्डचा भुसार विभाग आणि रविवार पेठ, आणि पॅकिंगच्या सामानाला तिथलीच बोहरी आळी. दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी या भागांत पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदार नमुना चाखू देत नाही. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, दिवसाच्या मधल्या वेळी जा. चार-पाच किलो एकदम घेतलं तर घाऊक भावाच्या जवळ जाता येतं, म्हणून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेणं चांगलं. चाखून पसंत केलेल्या पोत्यातूनच माल तोलायला सांगा, मागच्या बंद पोत्यातून नव्हे. आणि पक्कं बिल घ्या.

घरी भरायची रीत अशी. काजू आणि बदाम वेगवेगळे, जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परता. काजूला सहा-सात मिनिटं पुरतात, बदामाला दहा. रंग बदलायला द्यायचा नाही, फक्त ओल घालवायची आहे. मग ताटात पसरून किमान दोन तास गार होऊ द्या. घाई केली तर सगळं बिघडतं ते इथे: कोमट दाणे पाऊचमध्ये गेले की आत वाफ धरते, काजू मऊ पडतो आणि काही दिवसांत बुरशी येते. बेदाणा आणि पिस्ता भाजायचे नाहीत. प्रत्येक जिन्नस वेगळ्या झिपच्या पाऊचमध्ये भरा. बेदाण्यातली ओल शेजारच्या काजूत शिरते, म्हणून उघड्या कप्प्यांचा ट्रे आम्ही सुचवत नाही, मग तो कितीही देखणा असो. काचेच्या बरण्या घेणार असाल तर 100 ग्रॅमला 200 मिलीची बरणी साधारण बरोबर भरते. बाहेर छोटी चिठ्ठी लावा: आत काय आहे, किती ग्रॅम आणि कोणत्या तारखेला भरलं. दिवाळीत पेट्या एका घरून दुसऱ्या घरी जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. तारीख असली की शेवटी ज्याच्या हातात पडेल त्याला शिळं खावं लागत नाही.

लहान धंदा असणाऱ्यांनी कराकडे नीट बघावं. 22 सप्टेंबर 2025 पासून बदाम, पिस्ता आणि खजुरावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, काजू-बेदाण्यावर आधीपासून 5 होता. पण एकाच किमतीत वेगवेगळ्या वस्तू बांधून विकल्या तर कायद्याने तो मिश्र पुरवठा ठरतो आणि सगळ्या पेटीला आतल्या सर्वांत चढ्या दराचा कर लागतो. ड्रायफ्रूटसोबत परफ्यूमची बाटली ठेवली की अख्खी पेटी 18 टक्क्यांत जाते. फसफसणारं थंड पेय ठेवलं तर 40 टक्क्यांत. शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, त्यामुळे हा कर पूर्णपणे खिशातून जातो. कर्मचाऱ्यांसाठी पेट्या मागवताना फक्त ड्रायफ्रूटच्या मागवा आणि दुसरं काही द्यायचं तर वेगळ्या बिलावर घ्या.

मिठाईची पेटी स्वस्त दिसते, पण तिचं आयुष्य थोडं. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ती वाचूनच घ्या, आणि खोका काट्यावर ठेवून त्याचं वजन मिठाईत धरलं जात नाही ना, तेही बघा. धरलं तर तिथेच हरकत घ्या. ऐकलं नाही तर बिलाचा आणि काट्याचा फोटो काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला किंवा वैधमापन कार्यालयाला कळवा.

आणखी एक गोष्ट मनापासून. घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, कचरा नेणारे यांना मंदीच्या वर्षी पेटी देऊ नका. त्यांची पोस्त रोखच द्या आणि धनत्रयोदशीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्या घरचं सामान वेळेत येईल. आपलं बजेट कमी करायचं तर ते नातेवाइकांच्या पेटीतून करा, पोस्तीतून नको.

तयार पेटी योग्य ठरते ती दोन ठिकाणी. पन्नासच्या वर भेटी द्यायच्या असतील आणि घरात भरायला माणसं नसतील, किंवा भेट कुरियरने परगावी जाणार असेल. कुरियरला काचेची बरणी नको. तयार घ्यायची तर व्हॅक्यूम पाऊच आणि बाहेर जाड पुठ्ठ्याचा खोका असलेली, 500 ग्रॅमच्या वरची पेटी घ्या. लहान पेटीला ग्रॅममागे वाहतूक फार महाग पडते. आणि वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी पाठवा, कारण शेवटच्या चार दिवसांत कुरियरची गोदामं तुंबतात आणि पेटी भाऊबीज उलटल्यावर पोहोचते.